परवलीचा शब्द

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कोरेगाव भीमा येथे एका कुटुंबाच्या घरभेटीस आम्ही गेलो होतो. गृहस्थ मूळचे अहिल्यानगर जिल्ह्यातले. सणसवाडीच्या एका कारखान्यात काम मिळाल्यापासून भीमेच्या काठी बिऱ्हाड करून राहिलेले. थोरली मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षात. त्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी ती पहिलीच. प्रार्थना झाली, चहा झाला, तरी गृहस्थांच्या कपाळावरची आठी मोडेना. अखेर आम्हीच विषय काढला, तेव्हा सारी हकीकत कळली.

बारावीनंतर प्रवेश घेताना मुलीला संगणकावर विद्यापीठाचे खाते उघडावे लागले. त्यात नाव, जन्मतारीख, छायाचित्र, मोबाईल क्रमांक, ईमेलचा पत्ता आणि सरतेशेवटी पासवर्ड भरायचा असतो. घरात संगणक नव्हता आणि इंग्रजी पान वाचण्याचा सराव कोणालाच नव्हता. म्हणून बापलेक हमरस्त्यावरच्या एका दुकानात गेले. तिथे झेरॉक्सबरोबर असे अर्जही भरून मिळत. दुकानातला मुलगा स्वभावाने चांगला; पण रांग मोठी होती. वेळ वाचावा म्हणून त्याने मोबाईल क्रमांक स्वतःचा घातला, ईमेल स्वतःचा घातला आणि पासवर्डही स्वतःच ठरवून टाकला. मुलीचे नाव आणि त्यापुढे एक, दोन, तीन. गावातल्या कित्येक विद्यार्थ्यांचे पासवर्ड याच चालीवर त्याच्या नोंदवहीत लिहिलेले होते. "ताई, काळजी करू नका. काही लागले तर या, मी आहेच," असेही तो म्हणाला.

वर्षभर खरोखरच काही अडले नाही. दर वेळी अर्ज तोच भरी. दुसऱ्या वर्षी मात्र परीक्षेच्या अर्जाची मुदत संपत आली आणि दुकानाला कुलूप दिसले. मुलगा गाव सोडून गेला होता. त्याचा फोन बंद होता. दुसऱ्या दुकानात जाऊन पाहिले, तर जुना पासवर्ड चालेना. नवा मागावा, तर त्याचा संदेश त्या बंद फोनवर जाई. मग महाविद्यालयात लेखी अर्ज, ओळखपत्राच्या प्रती, खातरजमा असे सारे सोपस्कार झाले. चार दिवस गेले, विलंब शुल्क भरावे लागले, वडिलांचे कारखान्यात दोन खाडे पडले. अखेर अर्ज भरला गेला आणि वर्ष वाचले.

हे सांगून गृहस्थ म्हणाले, "फादर, त्या पोराने आमचे काही चोरले नाही, उलट मदतच केली. माझ्या लेकीनेही काही वाईट केले नाही. तरी चार दिवस ती स्वतःच्याच नावाच्या दाराबाहेर उभी राहिली. मग चूक कोणाची?"

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्हाला देता आले नाही. चोरी असती तर चोराकडे बोट दाखवता आले असते. लबाडी असती तर तिची निर्भर्त्सना करता आली असती. येथे तर सर्वांचा हेतू चांगला होता आणि परिणाम मात्र वाईट झाला. अशा प्रसंगांचा विचार करण्याची आपल्याला फारशी सवय नसते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या गृहस्थांना उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रथम शब्दाचाच विचार करू. पासवर्डला मराठीत 'परवलीचा शब्द' म्हणतात. ही संज्ञा फौजेतून आलेली आहे. रात्रीच्या पहाऱ्यावरचा शिपाई अंधारातून येणाऱ्याला हटकी आणि परवल विचारी. ज्याला ती सांगता येई तो आपला; ज्याला येत नसे तो परका. शिरूरला एके काळी इंग्रजांची छावणी होती आणि १८१७ च्या अखेरच्या रात्री तिथून निघालेली पलटण याच रस्त्याने दुसऱ्या दिवशी कोरेगावला पोहोचली होती. छावण्यांच्या या मुलखाला परवल नवी नव्हती. इंग्रजीत पहाऱ्यावरच्या अशाच शब्दाला 'पॅरोल' म्हणत. तो शब्द फ्रेंचमधला असून त्याचा साधा अर्थ 'शब्द' किंवा 'दिलेला शब्द' असा आहे. आपल्याकडेही 'मी शब्द दिला' म्हणजे 'मी वचन दिले'. परवल ही केवळ युक्ती नव्हे, तिच्यात वचन दडलेले आहे. ती ज्याला सांगितली त्याने ती दुसऱ्याला सांगायची नाही, हे त्यात न बोलताच कबूल केलेले असते. शिपायाने परवल फोडली, तर एकट्या त्याचा जीव धोक्यात येत नसे. झोपलेली सारी छावणी धोक्यात येई.

संगणकावर ही परवल पहिल्यांदा आली ती एका विद्यापीठातच. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६१ मध्ये फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरावा अशी व्यवस्था उभी केली. यंत्र एक आणि माणसे अनेक, म्हणजे प्रत्येकाचे कागद वेगळे ठेवणे आले. त्यासाठी प्रत्येकाला एक गुप्त शब्द देण्यात आला. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, ही परवल फुटली. ती फोडणारा कोणी शत्रू नव्हता. ॲलन शेर नावाचा तिथलाच एक संशोधक विद्यार्थी होता. त्याला आठवड्याला यंत्राचे चारच तास मिळत आणि त्याचे काम तेवढ्यात होत नसे. त्याने युक्तीने सर्वांच्या गुप्त शब्दांची यादी छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर यंत्र वापरू लागला. ती यादी दुसऱ्याही हाती गेली. मग कोणी संचालकांच्या खात्यात शिरून थट्टेचे निरोप ठेवले. सुमारे पंचवीस वर्षांनी शेर यांनी कॉर्बातोंपुढे आपल्या कृत्याची कबुली दिली.

ही कथा आम्हाला मोठी बोधप्रद वाटते. पहिला पासवर्ड चोरला गेला तो द्वेषापोटी नव्हे. काम अडले होते म्हणून. आपल्या खात्याची किल्ली आपण ज्याच्या हाती देतो, तो वाईटच असेल असे नाही. पण अडचण, घाई, गंमत किंवा गरज कोणावर कधी येईल हे सांगता येत नाही. उघडे दार पाहून सज्जनाच्याही मनात एखादा विचार येऊन जातो. आपले दार बंद ठेवणे ही शेजाऱ्यावरची शंका नव्हे; त्याला मोहात न पाडण्याची ती एक काळजी आहे. दुसऱ्याच्या अडखळण्याला आपण निमित्त होऊ नये, ही शिकवण आपल्याला अनोळखी नाही.

येथे कोणी विचारील, "विद्यापीठाला तरी आमचा गुप्त शब्द माहीत असतोच ना?" वस्तुतः नीट बांधलेल्या व्यवस्थेत तो विद्यापीठालाही माहीत नसतो. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. आपण शब्द टंकित केला की संगणक तो दळून काढतो आणि फक्त पीठ साठवून ठेवतो. पुन्हा आपण आलो की नव्याने दिलेला शब्द पुन्हा दळतो आणि पिठाशी पीठ ताडून पाहतो. दोन्ही जुळले तर दार उघडते. जात्यातून निघालेल्या पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही, तसे साठवलेल्या पिठावरून मूळ शब्द उलगडता येत नाही. इतकेच नव्हे, तर दोन विद्यार्थ्यांनी योगायोगाने एकच शब्द निवडला तरी पीठ सारखे दिसू नये, म्हणून दळताना प्रत्येकाच्या शब्दात काही निराळी अक्षरे मिसळली जातात. जाणकार त्याला इंग्रजीत 'मीठ'च म्हणतात.

या रचनेत एक नैतिक शहाणपण आहे. संस्थेने येथे आपणहून आपले हात बांधून घेतले आहेत. तुझे गुपित मला कळता कामा नये, अशी सोय तिने स्वतःच केली आहे. म्हणूनच पासवर्ड विसरल्यास प्रामाणिक संस्था जुना सांगू शकत नाही. नवा ठरवायला सांगते. यातून एक साधा नियम निघतो. "मी विद्यापीठातून बोलतो, तुमचा पासवर्ड सांगा," असा फोन आला तर बोलणारा खोटा समजावा. खऱ्याला त्या शब्दाची गरजच नसते. फोनवर आलेल्या ओटीपीलाही हाच नियम लागू आहे.

आता परवलीच्या दुसऱ्या, अधिक भयंकर रूपाकडे वळू. जुन्या करारातील शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात ती कथा आहे. गिलादाच्या लोकांनी यार्देनेचे उतार रोखून धरले होते. पळून आलेला एफ्राईमचा माणूस पार जाऊ पाही तेव्हा त्याला 'शिब्बोलेथ' हा शब्द उच्चारायला सांगत. त्याच्या जिभेवर 'श' बसत नसे. तो 'सिब्बोलेथ' म्हणे आणि जागच्या जागी मारला जाई. बेचाळीस हजार माणसे अशी पडली, असे शास्त्र सांगते. हा शब्द गुप्त नव्हता. सर्वांना ठाऊक होता. गुन्हा होता तो जन्माचा आणि जिभेच्या वळणाचा. शब्द देणाऱ्याने काय राखले हे तिथे कोणी विचारले नाही. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढेच पाहिले.

संगणकाची परवल याच्या अगदी उलट आहे. तिला आडनाव कळत नाही, जात कळत नाही, उच्चार कळत नाही. कारखान्यातल्या कामगाराच्या मुलीने आणि कारखान्याच्या मालकाच्या मुलाने आपापला शब्द टाकला, तर यंत्र दोघांना एकाच मापाने मोजते. तू तुझा शब्द राखलास का, एवढेच ते विचारते. ज्या कोरेगावच्या नावाशी जातीच्या वेदनेचा आणि स्वाभिमानाचा इतिहास जोडलेला आहे, तिथल्या मुलामुलींना ही समता लहान वाटू नये. हे गाव ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येते, त्याची स्थापना १९४९ ची. २०१४ पासून त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा चालवताना ज्यांनी शेणमाती अंगावर झेलली, त्यांच्या नावाच्या दारातून आपल्या मुली आत जातात. ती किल्ली त्यांच्याच हातात असावी, ही अपेक्षा वाजवी आहे.

तथापि शिब्बोलेथ पुरता गेला असे म्हणता येत नाही. संगणकावरील अशा पानांवरच्या सूचना बहुधा इंग्रजीत असतात. ज्याला त्या वाचता येत नाहीत तो उतारावर अडतो आणि पैलतीरी नेणाऱ्या नावाड्याच्या हाती स्वतःला सोपवतो. आमच्या त्या मुलीचे हेच झाले. तिने शब्द राखला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिला शब्द दिलाच गेला नव्हता. तिच्या नावाने दुसऱ्यानेच तो ठरवला होता.

आता घरातल्या प्रश्नाकडे येऊ, कारण खरी अडचण तिथेच आहे. आपल्या कुटुंबांतून एक वाक्य नेहमी ऐकू येते : "आमच्या घरात कोणाचे काही लपून नसते." हे वाक्य अभिमानाने उच्चारले जाते आणि त्यामागचे प्रेम खरे असते. म्हणूनच मुलीने खात्याचा पासवर्ड सांगायला नकार दिला की आईला ठेच लागते. लग्न ठरलेला तरुण "माझ्यावर विश्वास नाही का?" असे म्हणून वाग्दत्त वधूकडे तिचा पासवर्ड मागतो. मित्रमैत्रिणी तर मैत्रीची खूण म्हणून पासवर्डांची देवघेव करतात. यात वावगे काय, असा प्रश्न मनात येतो.

आमच्या मते येथे 'लपवणे' आणि 'जपणे' या दोन क्रियापदांची गल्लत होते. लपवणाऱ्याला उजेडाची भीती असते. जपणाऱ्याला भीती नसते. त्याच्या हाती काहीतरी सोपवलेले असते. आम्हा धर्मगुरूंना पापनिवेदनात ऐकलेली गोष्ट कोणत्याही कारणास्तव उघड करता येत नाही. राजाने विचारले तरी नाही, न्यायालयाने विचारले तरी नाही, सख्ख्या आईने विचारले तरी नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतही ही मर्यादा अभंग ठेवली आहे. म्हणून धर्मगुरू लबाड आहेत किंवा त्यांचे आईवर प्रेम नाही, असे कोणी म्हणत नाही. ते गुपित त्यांचे नाहीच, सोपवणाऱ्याचे आहे. पासवर्डाला संस्काराचे पावित्र्य नाही, हे उघड आहे. पण त्यातील नीतीचा धागा तोच आहे. विद्यापीठाने मुलीच्या हाती काही सोपवले आहे आणि तिने ते राखायचे मान्य केले आहे.

"विश्वास असेल तर सांग" हे म्हणणे आम्हाला म्हणूनच उलटे वाटते. जे माहीत आहे त्यावर विश्वास ठेवायचा प्रश्नच येत नाही. ते माहीतच असते. विश्वासाची गरज पडते ती न कळलेल्या गोष्टीच्या बाबतीत. ज्या पतीला पत्नीचा फोन उघडून पाहावासा वाटतो, त्याने विश्वास सोडून पुरावा मागायला सुरुवात केली आहे. ज्याचे प्रेम खरे आहे त्याने असा शब्द मागू नये. आणि मागितलाच, तर न देण्याने प्रेमात उणेपणा येत नाही.

लहान मुलांची गोष्ट वेगळी आहे, हे आम्ही जाणतो. आठवीतल्या मुलाच्या हाती फोन देऊन आईवडिलांनी डोळे मिटावेत, असे आमचे म्हणणे नाही. तिथे पालकांची देखरेख हे कर्तव्यच आहे. पण रांगणाऱ्याला धरायचे हात चालू लागलेल्याला सोडावे लागतात. अठरा वर्षांच्या मुलीला मत देता येते, न्यायालयात साक्ष देता येते. तिला स्वतःचा एक शब्द राखता येऊ नये काय?

या सगळ्याचे मोल किती, हे समजण्यासाठी खात्यात काय असते ते पाहिले पाहिजे. परीक्षेचे अर्ज, निकाल, गुण सारे त्यात असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये श्रेयांकांची एक बँक सुरू केली आहे. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक तिथे जमा होतात आणि एका संस्थेतून दुसरीत नेता येतात. शिष्यवृत्तीचे अर्जही संगणकावरूनच जातात. आजोबांच्या काळी जे काम सहीने किंवा अंगठ्याने होई, ते आज या शब्दाने होते. त्या खात्यातून जे पाठवले जाईल ते मुलीने पाठवले, असेच धरले जाईल. कायद्यानेही ही गोष्ट गंभीर मानली आहे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ मध्ये घातलेल्या ६६-क कलमानुसार दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आपल्या नावाखाली दुसऱ्याच्या हाताने काही ठेवले जाणे किती भीषण ठरू शकते, याची आठवण कोरेगाव भीमाचे नाव घेताना आम्हाला टाळता येत नाही. १ जानेवारी २०१८ रोजी येथे झालेल्या हिंसाचारानंतर जो खटला उभा राहिला, त्यात येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली. खटला चालण्यापूर्वीच, ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी ते कोठडीत असतानाच मुंबईच्या रुग्णालयात वारले. बचाव पक्षाच्या वतीने त्यांच्या संगणकाची तपासणी करणाऱ्या आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये पुढे आला. परक्या हाताने त्या संगणकात शिरून फादरांच्या नकळत त्यात कागदपत्रे ठेवली, असे त्या संस्थेचे म्हणणे आहे. या संस्थेच्या अशा अहवालांवर तपास यंत्रणेने आक्षेप घेतले आहेत आणि निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे. शिवाय तेथे प्रश्न केवळ पासवर्डचा नसून संगणकात सोडलेल्या घातक प्रणालीचा होता. आम्हाला सुचवायचे आहे ते इतकेच : संगणकात जे सापडते ते त्याच्या धन्याचेच, असे जग मानून चालते. तेव्हा आत काय येते-जाते याची राखण करणे ही चैन नाही.

ही राखण कशी करावी, हे आता थोडक्यात सांगतो. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन या संगणकतज्ज्ञांनी लोकांचे ३,२८९ पासवर्ड तपासले, तेव्हा त्यांतले सुमारे ८६ टक्के सहज ओळखता येण्याजोगे निघाले. माणसाचा स्वभाव आजही तोच आहे. आपण मुलाचे नाव, जन्मतारीख, गाडीचा क्रमांक, देवाचे किंवा संताचे नाव निवडतो. आणि चोर पहिल्यांदा तेच लावून पाहतो. स्तोत्राची किंवा प्रार्थनेची प्रसिद्ध ओळही टाळावी. जी सर्वांना पाठ आहे ती गुप्त कशी राहील?

खरे बळ लांबीत आहे. इंग्रजी वर्णमालेतील सव्वीस लहान अक्षरांतून आठ अक्षरांचे शब्द करायचे म्हटले, तर सुमारे २०,८८३ कोटी शब्द होतात. हा आकडा प्रचंड वाटतो. पण पिठाची कोठी चोरून नेली आणि सेकंदाला शंभर कोटी शब्द दळून पाहणारे यंत्र मिळाले, तर ते सगळे शब्द साडेतीन मिनिटांत संपतात. तेच सोळा अक्षरे कशीही निवडली, तर त्याच यंत्राला तेरा लाखांहून अधिक वर्षे लागतील. २००३ मध्ये अमेरिकेतील मानके ठरवणाऱ्या संस्थेसाठी बिल बर यांनी मार्गदर्शिका लिहिली. पासवर्डात मोठी अक्षरे, आकडे, चिन्हे मिसळावीत आणि तो वरचेवर बदलावा, ही रीत त्यावरून जगभर रूढ झाली. लोकांनी मग शब्दाच्या शेवटी एकचा आकडा लावला आणि पुढच्या वेळी त्याचा दोन केला. २०१७ मध्ये त्या संस्थेने आपला सल्ला बदलला आणि बर यांनीही खेद व्यक्त केला. आता सांगितले जाते की शब्द लांब असावा आणि फुटल्याचा संशय आल्याशिवाय उगाच बदलू नये. आपली चूक अशी उघडपणे मान्य करणे, हाही एक धडाच आहे.

तेव्हा एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच साधे मराठी शब्द घ्यावेत, चाळण, बैलगाडी, पारिजात असे, आणि ते इंग्रजी लिपीत सलग लिहावेत. अर्थात हेच शब्द घेऊ नयेत. ते आता छापले गेले. विद्यापीठाचा शब्द दुसऱ्या कोणत्याही खात्याला लावू नये, म्हणजे एक दार फुटले तरी दुसरे शाबूत राहते. ओटीपीची सोय असेल तर ती सुरू ठेवावी; बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या असतात, तशी ही दुसरी किल्ली होय. आणि मोबाईल क्रमांक व ईमेल विद्यार्थ्याचा स्वतःचाच असावा. अर्ज दुसऱ्याने भरून दिला तरी चालेल. पासवर्ड टाकायची वेळ आली की मात्र विद्यार्थ्याने पुढे व्हावे आणि मदतनीसाने तोंड फिरवावे. तेवढ्याने त्याच्या मदतीचे मोल कमी होत नाही.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे परत येऊ. चूक कोणाची? दुकानातल्या मुलाची थोडी आहे. त्याने मदत केली. पण मुलीच्या नावाचा धनी तो स्वतः होऊन बसला. ज्याला मदत केली त्याला पुढच्या वेळी आपली गरज पडू नये, हे चांगल्या मदतीचे लक्षण आहे. वडिलांची थोडी आहे. जी गोष्ट मुलीने करायची ती दुसऱ्याने केली, हे त्यांनी पाहिले आणि सोय म्हणून चालू दिले. मुलीचीही थोडी आहे. वर्षभरात एकदाही तिने माझी किल्ली मला द्या, असे म्हटले नाही. आणि पुष्कळशी आमची आहे. आम्ही धर्मग्रामातल्या मुलांना प्रार्थना शिकवली, सही करायला शिकवली, परीक्षेपूर्वी आशीर्वाद दिला. पण स्वतःच्या नावाचे दार स्वतः कसे उघडावे आणि कसे लावावे, हे शिकवायला तासभर बसलो नाही. आमच्या कुटुंबांत संगणक येणारी किमान दोन-चार मुले प्रत्येक ठिकाणी असतात. प्रवेशाच्या दिवसांत त्यांनी एक रविवार दुपार दिली, तर कित्येकांचा उतार सोपा होईल. पापाची वाटणी करता येत नाही म्हणतात. उणिवेची मात्र अशी वाटणी करता येते, आणि केलीच पाहिजे. नाही तर ती सगळ्यांत दुबळ्याच्या माथी पडते.

काही दिवसांनी आम्ही पुन्हा त्या घरी गेलो, तेव्हा हे सारे त्यांना सांगितले. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग एक व्यावहारिक शंका काढली. "फादर, उद्या ती आजारी पडली, शब्द विसरली, तर?" शंका रास्त होती. आम्ही सुचवले की मुलीने तो शब्द कागदावर लिहावा, पाकिटात घालून पाकीट चिकटवावे आणि जोडावर आडवी सही करावी. जुन्या मराठी पत्रांच्या शेवटी मोर्तब करीत. त्यापुढे कोणी अक्षर वाढवू नये म्हणून. तशीच ही मोर्तब.

मुलीने आमच्यासमोरच तसे केले आणि पाकीट वडिलांच्या हातात दिले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, लोखंडी ट्रंकेत लग्नाच्या दाखल्याशेजारी ठेवले आणि ट्रंक लावली. मग किल्ली नेहमीप्रमाणे भिंतीवरच्या खिळ्याला, सर्वांच्या हाताला येईल अशी अडकवली.